बावन्न वजा सत्तावीस

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एकोणीस वर्षांची आहे, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिने चार वर्षांच्या एकात्मिक बी.ए. बी.एड.ला प्रवेश घेतला आणि त्यात प्राथमिक वर्गांचा स्तर निवडला. आता दुसरं वर्ष चालू आहे. घरचे म्हणतात, ‘पोरांना बाराखडी शिकवायला चार वर्षं कशाला?’ चुलतभावाने २०११ साली डी.एड. केलं, पण भरती थांबली आणि आज तो मोबाइलच्या दुकानात काम करतो. हे सगळं ऐकूनही ती ठाम होती. नुकतीच ती तीन आठवडे जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर गेली. एका मुलाला तिने ५२ वजा २७ तीनदा समजावलं, त्याने तिन्ही वेळा ३५ लिहिलं. चौथ्यांदा ती ओरडली. मुलगा रडला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही. ती लिहिते, ‘मला मुलं आवडतात म्हणून मी इकडे आले. आता वाटतं, तेच खरं नव्हतं. सोडून द्यावं, की निदान माध्यमिकचा विषय घ्यावा, जिथे मुलांना सांगितलेलं समजतं तरी?’

त्या मुलापासूनच सुरुवात करू. तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तोच सांगतोय.

तीनदा विचारलंस आणि तीनदा ३५ आले. ज्याला खरंच काही कळलेलं नसतं ते मूल तीन वेळा तीन निराळी उत्तरं देतं, नाहीतर जागा कोरी सोडतं, नाहीतर शेजारच्याच्या वहीत डोकावतं. हा प्रत्येक वेळी ३५ वर येऊन थांबला. म्हणजे त्याच्याकडे एक नियम आहे आणि तो तो इमानाने पाळतोय. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ हे त्याला पहिलीत कुणीतरी शिकवलेलं असणार, चांगल्या हेतूनेच, आणि दीड-दोन वर्षं त्या नियमाने त्याला कधी दगा दिलेला नाही. ४८ वजा २३ तो बरोबर करत आलाय. त्याच्या लेखी या गणितात कुठे अडतच नाही. मग ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे’ हे त्याला कसं उमगावं? ज्याची त्याला गरजच वाटत नाही ते तू त्याला उसनं आणायला पाठवत होतीस.

तू लिहिलंयस की नंतर त्या वर्गाच्या गुरुजींनी काड्यांचे गठ्ठे काढले, ‘त्यांनी सोपं करून सांगितलं, मला ते सुचलंच नाही.’ इथे मी तुला जरा थांबवते. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हटलं की मुलाला स्वतःलाच दिसतं की सुट्या दोनच आहेत, सात द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागेल. रबर काढलं की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बावन्नाचे बावन्नच राहिले, मांडणी तेवढी बदलली. वजाबाकीतलं खरं गणित ते हेच. वहीत लिहितो तो हातचा म्हणजे या कृतीचं टिपण. तू टिपण शिकवत होतीस आणि कृती त्या मुलाच्या हातून कधी झालेलीच नव्हती. गुरुजींना हे माहीत होतं. त्यांनी असे कितीतरी ३५ पाहिले असतील.

मराठीत शिकणाऱ्या मुलाला तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. बावन्न म्हणताना कानावर आधी दोन पडतात आणि मग पन्नास, लिहिताना मात्र आधी पाच आणि मग दोन. सत्तावीसचंही तेच. एकोणतीस नावाने तिसांच्या घरातले, लिहायला विसांच्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुला आठवत असेल, तू शाळेतच होतीस. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या नावांमुळे लहान मुलं अडखळतात, हे त्या परोपरीने सांगत होत्या. माझं मत विचारशील तर, बावन्न हा शब्द घरात, बाजारात, आजीच्या तोंडी असतोच, तो जाऊ नये. पण तिसरीतलं मूल अडलं तर ‘पन्नास आणि दोन म्हणून बघ’ असं सांगायला शिक्षकाने कुणाची वाट बघू नये.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे वळते, ‘पोरांना बाराखडी शिकवायला चार वर्षं कशाला?’ मूल चुकतं तेव्हा त्या चुकीमागे कुठला विचार आहे, तो कुठून आला आणि त्या विचाराला धक्का न लावता पुढे कसं न्यायचं, हे ओळखायला वेळ लागतो. मला तर चार वर्षांनंतरही बराच लागला.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगते. दुसरीत एक मुलगी होती. पुस्तक हातात घेऊन धडा खडाखडा वाचायची, बोट ओळीवरून नीट सरकायचं. मी तिला वर्गापुढे उभी करून बाकीच्यांना ऐकवायला लावायची. फेब्रुवारीत सहज तिच्या पुस्तकातलं चित्र हाताने झाकलं आणि मधलंच एक वाक्य दाखवलं. तिला एक शब्द वाचता आला नाही. सगळा धडा तिला पाठ होता, चित्र बघून कुठला धडा ते ती ओळखायची. सात-आठ महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती. माझं मुलांवर प्रेम नव्हतं असं नाही, त्या मुलीवर तर फारच होतं. वाचता येणं म्हणजे नेमकं काय, ते तपासायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि मीही ते शोधलं नव्हतं. ती पुढे वाचायला शिकली, पण तिचं ते वर्ष माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून ‘मला मुलं आवडतात’ या वाक्याकडे जरा निराळ्या नजरेने बघ. तू त्याच एका खांबावर सगळं घर उभं केलंस आणि एका दुपारी तो हलला, तेव्हा घरच खोटं वाटायला लागलं. पण तीस मुलांच्या वर्गात सगळी मुलं आवडत नाहीत. नाक पुसत नाही ते, सारखं दुसऱ्याच्या खोड्या काढतं ते, काही विचारलं की खाली बघत राहतं ते, यांच्याबद्दल प्रत्येक सकाळी मनात माया दाटून येईल अशी अपेक्षा कुणी स्वतःकडून ठेवू नये. माया कमी पडते त्या दिवशी कुतूहल कामाला येतं. ‘याने ३५ का लिहिलं असेल?’ हा प्रश्न मनात उठला की ओरडायचं राहूनच जातं. तू मला इतक्या बारकाईने ते उत्तर लिहून पाठवलंस, आकड्यांसकट. ज्याला या कामात रस नसतो तो ‘एका मुलाला गणित आलं नाही’ एवढंच लिहितो.

ओरडलीस त्याबद्दलही बोलायला हवं. ती चूकच होती आणि तुला ते माहीत आहे. मूल दुसऱ्या दिवशी आलं नाही ते त्यामुळेच असं धरून चालू नकोस, आठवड्याच्या बाजाराला आईबरोबर गेलं असेल, ताप आला असेल. पण त्या शाळेत पुन्हा जाशील तेव्हा त्याला बाजूला घेऊन ‘त्या दिवशी मी ओरडले, ते चुकलं माझं’ एवढं सांग. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने असं सांगितलेलं फार थोड्या वेळा ऐकायला मिळतं. वर्गशिक्षकांनाही सांग, लपवू नकोस.

मूल येत नाही तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या मोठ्या शिक्षिकांनी फार खोलात जाऊन विचारलेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम करू लागल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला त्यांना दिसलं की थोडी मोठी मुलं दिवसभर गुरांमागे असतात, म्हणून मुलं गुरं राखतात तिथेच, कुरणात, शाळा भरू लागली. त्या शाळेला कुरणशाळा म्हणत. मुलांबद्दलची माया त्यांच्याकडे होतीच, पण मूल दिवसभर कुठे असतं, काय करतं, काय बोलतं याचा अभ्यास त्याहून मोठा होता. तू नाशिकची आहेस. तुझ्या भागात घरी कोकणा किंवा अहिराणी बोलणारी मुलं तुझ्या वर्गात येणार. घरात ज्याला ‘आंडोर’ म्हणतात तो पुस्तकात ‘मुलगा’ होतो, आणि मूल गप्प बसलं की आपण त्याला ढ ठरवून मोकळे होतो. पुढच्या खेपेला त्या मुलाच्या बोलीतल्या तीस-चाळीस शब्दांची यादी करून घे. ही यादी तुझ्या पाठ टाचणापेक्षा जास्त दिवस कामाला येईल.

माध्यमिककडे जावं का? ‘तिथे मुलांना समजतं तरी’ असं तू लिहिलंस. हाच मुलगा पाच वर्षांनी आठवीत तुझ्यासमोर बसेल, तोच नियम मनात घेऊन, फक्त तोवर तो लपवायला शिकलेला असेल. मग त्याला वर्गमूळ शिकवायचं आणि खाली ५२ वजा २७ अडकलेलं. तुला एखाद्या विषयाचीच ओढ असेल, इतिहासात किंवा मराठीत खोल जायचं असेल, तर माध्यमिक हा उत्तम मार्ग आहे आणि मी तुला मुळीच अडवणार नाही. पण तिसरीतून सुटका म्हणून तिकडे जाऊ नकोस.

शिवाय तो दरवाजा सहज उलटा उघडत नाही, हे आजही अनेकांना माहीत नाही. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येईल अशी अधिसूचना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने जून २०१८ मध्ये काढली होती. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचं वेगळं शिक्षण लागतं, असा त्या निकालाचा गाभा आहे. घरी कुणी पुन्हा बाराखडीचा विषय काढला तर हे जरूर सांग. आणि स्तर बदलायचा विचार केलासच तर आधी विद्यापीठाला लेखी विचार: बदल करता येतो का, कुठली क्रेडिट धरली जातात, पदवीपत्रावर कुठला स्तर लिहिला जातो. तोंडी उत्तरावर निर्णय घेऊ नकोस. हा अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्या बारावीच्या मुलामुलींनाही माझं हेच सांगणं आहे. कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का आणि नेमक्या कुठल्या स्तरासाठी आहे, ते प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

आता नोकरीचं. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण ‘मी शिक्षिका होऊ शकते का’ आणि ‘मला नोकरी मिळेल का’ हे दोन प्रश्न तुझ्या पत्रात एकमेकांत गुंतले आहेत. चुलतभावाच्या वाट्याला जे आलं त्यात त्याच्या डी.एड.चा दोष नव्हता. २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. पुढे भरतीसाठी अभियोग्यता चाचणी सुरू झाली ती २०१७ च्या डिसेंबरात, त्यानंतरची २०२३ मध्ये आणि तिच्यानंतरची २०२५ मध्ये. मधली वर्षं ज्यांची उमेदीची होती त्यांची ती तशीच गेली. त्यांच्या रागाला आणि दुःखाला पूर्ण आधार आहे. भावाशी वाद घालू नकोस. त्याला विचार की त्या वर्षांत त्याने काय केलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याकडून तुला जे कळेल ते मी इथे बसून सांगू शकणार नाही.

भरती दर वर्षी ठरल्या दिवशी होत नाही, हे धरूनच आखणी कर. पहिली ते पाचवीसाठी टीईटीचा पहिला पेपर, १५० गुणांचा: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, २०२१ मध्ये सात वर्षांची मुदत काढून टाकली. केंद्राची सीटीईटी अशा शिक्षक अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. टीईटी पुढेमागे टळेल या आशेवर कुणी राहू नये, १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही लागू केली आहे, निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना तेवढी सवलत. अभियोग्यता चाचणीची गोष्ट वेगळी. दोन तासांत दोनशे प्रश्न, तिथे वेग लागतो, आणि वेग चौथ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात येत नाही. तिसऱ्या वर्षापासून रोज अर्धा तास दे, जास्त नको. चार वर्षांची एकात्मिक पदवी तुलनेने नवी आहे, तेव्हा प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचायची सवय लाव.

पैशांचंही घरी आधीच बोल. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर असतात. प्राथमिकला ते महिन्याला ६,००० रुपये होतं, १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. घरी आकडा माहीत असला की पुढचे टोमणे थोडे तरी कमी होतात. नोकरीआधीचा काळ रिकामा जाऊ नये म्हणून पदवीच्या विषयात मन लावून शीक. तुझी बी.ए. हीदेखील खरी बी.ए. आहे, पदवीवर होणाऱ्या स्पर्धा परीक्षा तुला खुल्या आहेत.

सोडून द्यावं का, याचंही उत्तर टाळत नाही. पुढच्या वेळी शाळेत गेलीस आणि मुलांच्या चुकांबद्दल तुला काहीच विचारावंसं वाटलं नाही, फक्त घंटेकडे लक्ष राहिलं, आणि असं एका नव्हे तर दोन शाळांत झालं, तर सोड. त्यात कमीपणा नाही, तीस मुलांसाठीही ते बरं. पण तीन आठवड्यांतल्या एका वाईट दुपारवरून हे ठरवू नकोस, निदान पुढची आंतरवासिता, म्हणजे शाळेत वर्गावर शिकवण्याचा मोठा सराव, होऊ दे. शक्य असेल तर त्या वेळी दोन शिक्षकी शाळा मागून घे, जिथे एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात. आपल्या डोंगरी भागातल्या कितीतरी शाळा अशाच आहेत, आणि एका वर्गाशी बोलताना दुसऱ्या वर्गाला कामाला लावणं कुठल्याही व्याख्यानात शिकता येत नाही.

तोवर एक वही कर. त्यात मुलांची फक्त चुकलेली उत्तरं लिही. तारीख, इयत्ता, प्रश्न, मुलाने काय लिहिलं आणि ‘तू हे कसं केलंस, मला सांग ना’ असं विचारल्यावर तो काय म्हणाला. बरोबर उत्तर वहीत लिहायचं नाही. मुलाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, त्याच्या बोलीत लिही. पाठ निरीक्षणाला येणाऱ्या प्राध्यापकांना वही दाखव, गुरुजींना तर दाखवच आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून घे. ते काड्या कधी काढतात, कधी काढत नाहीत, मुलाला उत्तर सुचेपर्यंत किती वेळ गप्प राहतात ते बघ. गप्प राहणं मला सगळ्यात उशिरा जमलं.

पहिलं पान ५२ वजा २७ चं असेल. त्या मुलाला भेटलीस की दुसऱ्या पानासाठी त्याला ६० वजा २८ घाल आणि काही न सांगता बघ. ३२ लिहिले तर गुरुजींच्या काड्या त्याच्या डोक्यात शिरल्या. ४८ लिहिले तर जुना नियम अजून जागा आहे, मग गठ्ठे घेऊन त्याच्याशेजारी खाली बस. जे काही लिहील ते मला कळव, आणि तो काय म्हणाला तेही.